रिट्राय चालूच, पॅकेट पोचेना: केळीबागेतल्या लोरा नोडची दुरुस्ती

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात विहिरीवर एक नोड (मोजून रेडिओवरून कळवणारा डबा) आणि दीड-दोन किलोमीटरवर घराच्या गच्चीवर रिसीव्हर अशी जोडणी आता बरीच दिसते. विहिरीची पातळी, ठिबकच्या लाईनचा दाब, मोटार चालू की बंद, एवढंच काम. आत एसएक्स १२७६ जातीचं लोरा मॉड्यूल (थोडी माहिती कमी विजेत लांबवर पाठवणारा रेडिओ), सोबत त्याला चालवणारा आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ बोर्ड, आणि वारंवारिता ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. टेबलावर हे सगळं छान चालतं. वावरात गेल्यावर नोड एकच पॅकेट (माहितीचा एक तुकडा) चार-चार वेळा पाठवतो, म्हणजे रिट्राय करतो, आणि तरी रिसीव्हरकडून "मिळालं" अशी पोच येत नाही. ही तक्रार दर हंगामात येते, आणि तिची कारणं पुन्हा पुन्हा तीच निघतात.

लक्षणं

आधी आपलं लक्षण ओळखा. खालच्या तपासण्यांपैकी निम्म्या त्यामुळे वाचतील.

- बहुतेक पॅकेटं तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला पोचतात, आणि दोन महिने चालणारी बॅटरी पंधरा दिवसांत बसते.
- नोड म्हणतो "गेलं नाही", पण रिसीव्हरच्या नोंदीत तेच पॅकेट दोन-तीनदा दिसतं. पॅकेट पोचतंय, पोच परत येत नाही.
- नोड म्हणतो "पोच मिळाली", पण नोंदीत काहीच नाही. हे सगळ्यात गोंधळात टाकणारं.
- लाईट आली की पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळेच नोड गायब.
- लागवडीनंतर चार-पाच महिने काही तक्रार नाही, मग हळूहळू रेंज घटत जाते.
- एप्रिल-मेमध्ये दुपारी १ ते ५ बंद, दिवेलागणीला आपोआप चालू.
- मोटार सुरू होते त्याच क्षणी पॅकेट हरवतं.
- मोटार चालू करण्याचा हुकूम दिला, ती चालू झाली आणि दोन सेकंदांत बंद पडली.

पुढे जाताना एक प्रश्न हाताशी ठेवा: दुसऱ्या वेळी पाठवलं तर वेगळं काय होणार आहे? पॅकेट योगायोगाने हरवत असेल तर रिट्रायला तोड नाही. जाताना २० टक्के पॅकेटं हरवतात असं धरा. चार प्रयत्नांत चारही हरवण्याची शक्यता हजारात दोनच्याही खाली येते. हा हिशोब मात्र प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असेल तरच खरा. अँटेनाच सैल असेल, किंवा बारा नोड एकाच ठोक्याला बोलत असतील, तर चौथा प्रयत्नही पहिल्याच्याच कारणाने मरतो, वर बॅटरी खातो ती वेगळी. पोचेचाही विचार करा. जाताना २० आणि येताना २० टक्के हरवत असतील तर एका प्रयत्नात दोन्ही फेऱ्या पुऱ्या होण्याची शक्यता ६४ टक्केच. म्हणून चार प्रयत्नांनंतरही नोड शंभरात पावणेदोन वेळा "गेलं नाही" म्हणतो, आणि त्यातली बहुतेक पॅकेटं खरं तर पोचलेली असतात.

आधी नोंद, मग पाना-पेचकस

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच पायरी. प्रत्येक पॅकेटमध्ये तीन गोष्टी घाला: अनुक्रमांक, कितवा प्रयत्न, आणि बॅटरीचा व्होल्टेज. रिसीव्हरने त्यापुढे वेळ, आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली, डेसिबलमध्ये) लिहायचा. ओळ अशी दिसेल:

१४:०७:३२ | नोड ५ | क्र. ४१७ | प्रयत्न ३ | आरएसएसआय उणे ११८ | एसएनआर उणे ९.५ | ३.६१ व्होल्ट

ही ओळ वाचायची कशी? १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला (वाहिनीच्या रुंदीला) रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट साधारण उणे ११७ डीबीएमला असतो. इथे सिग्नल गोंगाटाच्या खाली गेलाय, तरी लोरा तो वाचतो, कारण लोराची मॉड्युलेशन पद्धतच, म्हणजे माहिती रेडिओ लहरीवर चढवण्याची रीतच, तशी आहे. स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) म्हणजे माहिती किती सावकाश पाठवायची त्याची पायरी; जितका मोठा तितकं सावकाश. प्रत्येक एसएफची एक तळरेषा असते: एसएफ ७ ला उणे ७.५ डेसिबल, एसएफ ९ ला उणे १२.५, एसएफ १० ला उणे १५, एसएफ १२ ला उणे २०. वरचा नोड एसएफ ९ वर असेल तर त्याच्या हाताशी फक्त ३ डेसिबल उरलेत. वाऱ्याने पानं हलली की ते संपतात. ८ ते १० डेसिबल शिल्लक नसतील तर त्या जोडणीवर विसंबू नका, मग आज ती कितीही चालत असो.

चोवीस तास नोंद चालू द्या, दिवसाची आणि रात्रीची लाईट दोन्ही त्यात येऊ द्या. मग बघा: पॅकेटं ठरावीक वेळेला हरवतात, ठरावीक नोडची हरवतात, की विखुरलेली? एसएनआर चांगला असून हरवत असतील तर अँटेनाच्या मागे लागू नका, थेट पोचेच्या वेळेच्या तपासणीकडे जा. एसएनआर तळाशी असेल तर क्रमाने चला.

अँटेना

नोड बंद करून बघा. अँटेना काढून मॉड्यूलला प्रक्षेपण करायला लावू नका, आउटपुट टप्पा जळू शकतो.

अँटेना ८६५ चीच आहे का? मॉड्यूलसोबत येणारी स्प्रिंग कित्येकदा ४३३ मेगाहर्ट्झची असते. सरळ तारेची पाव-तरंग अँटेना ८६६ मेगाहर्ट्झला ८ ते साडेआठ सेंटीमीटर भरते, ४३३ ला त्याच्या दुप्पट. पट्टी लावून मोजा. नंतर कनेक्टर: एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखेच दिसतात, एकमेकांत व्यवस्थित फिरतातही, पण मधली पिन एकाही बाजूला नसली की जोड होतच नाही. टेबलावर एक मीटरवरून तरीही चालतं, म्हणून संशय येत नाही. बोर्डावरचा बारीक बटणासारखा यूएफएल जोड नखाने दाबून बघा, तो बसल्याचं बोटाला कळतं.

केबल जितकी कमी तितकी बरी. आरजी-५८ या वारंवारितेला मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते, बारीक आरजी-१७४ एक डेसिबलच्या आसपास. दहा मीटर बारीक केबल टाकून अँटेना उंच नेली तर उंचीचा बराचसा फायदा केबलच गिळते. त्यापेक्षा डबाच खांबावर चढवा. जोडावर ताणून गुंडाळायची रबरी टेप लावा, साधी काळी टेप खान्देशच्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते आणि पहिल्या पावसाचं पाणी आत जातं. दोन्ही अँटेना उभ्या हव्यात. एक उभी, एक आडवी ठेवली की सिग्नल पडतो.

बॅटरी आणि रेग्युलेटर

एसएक्स १२७६ ला २० डीबीएमवर पाठवताना सुमारे १२० मिलिॲम्पिअर लागतात, १७ वर ८७. जुना १८६५० लिथियम सेल मल्टीमीटरवर ३.७ व्होल्ट दाखवतो आणि पाठवण्याच्या क्षणी झोपतो. त्यात स्वस्त बोर्डांवर एएमएस १११७ रेग्युलेटर असतो. त्याला स्वतःलाच एक व्होल्टच्या आसपास फरक लागतो, म्हणजे ३.७ मधून ३.३ निघणं शक्य नाही. पहिलं पॅकेट व्होल्टेज पाडतं, रिट्राय ते आणखी पाडतो, मग नोड रिसेट होऊन पुन्हा पहिल्यापासून पाठवू लागतो. नोंदीत हे "प्रयत्न १, प्रयत्न १, प्रयत्न १" असं दिसतं.

फुकटची चाचणी अशी: शक्ती २० वरून १४ डीबीएमवर आणा. शक्ती कमी करूनही जास्त पॅकेटं पोचू लागली, तर दोष हवेत नाही, पुरवठ्यात आहे. उपाय: मॉड्यूलच्या पायांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सोबत ०.१ चा, शिवाय कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर. एचटी ७३३३ सारखा छोटा रेग्युलेटर २५० मिलिॲम्पिअरचा असतो. ईएसपी ३२ चं वाय-फाय बंद असेल तरच तो पुरेल. आणि २० डीबीएमवर हे चिप वेळेच्या एक टक्क्याहून जास्त बोलण्यासाठी बनवलेलं नाही. एसएफ १२ वर रिट्राय चालू राहिले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

केळीची उंची

सहा महिन्यांनी रेंज घटण्याचं कारण बहुतेक वेळा डोळ्यांसमोर उभं असतं. जून-जुलैत मृगबाग लावली तेव्हा नोडचा खांब दोन मीटरचा होता आणि आजूबाजूला मोकळं रान होतं. निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) सुमाराला अँटेना पानांच्या आत गेलेली असते. केळीचं पान आणि खोड म्हणजे जवळपास सगळं पाणी, आणि ८६६ मेगाहर्ट्झला पाणी आवडत नाही. बाग ओली असताना त्यात भर. कांदेबागेतही (सप्टेंबर-ऑक्टोबरला लावलेल्या केळीतही) हेच होतं, फक्त महिने बदलतात.

अँटेना पानांच्या वर डोकावली म्हणजे झालं असं मात्र नाही. एक किलोमीटरच्या जोडणीत मधोमध सिग्नलचा पट्टा सुमारे ९.३ मीटर त्रिज्येचा असतो आणि त्याचा ६० टक्के भाग, म्हणजे साडेपाच मीटर, मोकळा लागतो. केळी अडीच मीटर धरली तर मधल्या टापूत सरळ रेषा जमिनीपासून आठ मीटरवरून जायला हवी. विहिरीवर आठ मीटरचा खांब कोणी उभारत नाही, उभारूही नये, वारा-वादळात तो बागेवर पडतो. नोडची अँटेना चार-पाच मीटरवर ठेवा आणि उरलेली उंची रिसीव्हरच्या बाजूला घ्या: गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा कट्टा, त्यावर पाइप. एका बाजूची उंची सगळ्या नोडना मिळते.

पोचेची वेळ

एसएनआर चांगला आणि तरी रिट्राय, असं असेल तर बहुधा चूक इथे सापडते.

पॅकेट हवेत किती वेळ असतं ते मॉड्युलेशन ठरवतं. १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग ४/५ (चूक पकडायला दर चार बिटांमागे एक जादा बिट), २० बाइटचं पॅकेट धरलं तर:

एसएफ ७: सुमारे ५७ मिलिसेकंद
एसएफ ९: १८५
एसएफ १०: ३७१
एसएफ १२: १३१९

पोच पाच बाइटची धरली तर तिला एसएफ ७ वर ३१, एसएफ ९ वर १२४, एसएफ १० वर २४८ आणि एसएफ १२ वर ८२७ मिलिसेकंद लागतात. आता हे बघा: रेडिओहेड ही लायब्ररी बऱ्याच जणांनी वापरलेली असते, तिच्यात पोचेची वाट बघण्याची मुदत न बदलता ठेवली तर २०० मिलिसेकंद आहे आणि ती रँडम पद्धतीने २०० ते ४०० च्या दरम्यान घेतली जाते. एसएफ ७ ला हे भरपूर. रेंज मिळावी म्हणून एसएफ १० केला की पोच २४८ मध्ये येते. मुदत कधी ३५० निघाली तर जमतं, कधी २२० निघाली तर नाही. "कधी चालतं, कधी नाही" या तक्रारीचा उलगडा पुष्कळदा एवढाच असतो. एसएफ १२ वर तर ते कधीच जमणार नाही.

मुदत चुकली की नुकसान दुहेरी. पोच हवेत असतानाच नोड पुन्हा बोलू लागतो. हे रेडिओ बोलताना ऐकू शकत नाहीत, त्यामुळे नोडला पोच ऐकू येत नाही आणि पोच पाठवण्यात गुंतलेल्या रिसीव्हरला नवं पॅकेट ऐकू येत नाही.

मुदत अशी काढा: पोचेचा हवेतला वेळ, अधिक रिसीव्हरला लागणारे ५० ते १०० मिलिसेकंद, आणि वर निम्मी सूट. एसएफ ९ ला ३५०, एसएफ १० ला ५५०, एसएफ १२ ला १४०० मिलिसेकंद ठेवा. लायब्ररी मुदत कुठून मोजते तेही बघा. रेडिओहेड पॅकेट पूर्ण गेल्यावर मोजायला लागते. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ती पाठवायला सुरुवात केल्यापासून मोजली असेल तर पॅकेटचा वेळही त्यात धरा.

रिसीव्हरकडे दोन चुका नेहमी आढळतात. एक, पॅकेट आलं की तो आधी मोबाईल नेटवरून सर्व्हरला पाठवतो आणि मग पोच देतो. नेट मंद असलं की तीन-चार सेकंद गेलेच. क्रम उलटा करा: आधी मेमरीत लिहा, लगेच पोच द्या, मग सर्व्हरचं काम. दुसरी चूक याच्या विरुद्ध: पोच इतकी झटकन जाते की नोड अजून ऐकण्याच्या अवस्थेत आलेलाच नसतो. पोच देण्याआधी २० ते ५० मिलिसेकंद थांबा.

तपासायला दोन्ही बोर्ड टेबलावर दोन-तीन मीटर अंतरावर ठेवा, अगदी शेजारी नको, रिसीव्हर दबून जातो. दोन्हींच्या सिरीयल खिडक्या शेजारी-शेजारी उघडा, वेळेसह. पोच निघाल्याची वेळ आणि नोडने कंटाळून पुन्हा पाठवल्याची वेळ एकमेकांवर चढताना सरळ दिसते.

अनुक्रमांक आणि दुहेरी पॅकेट

रिट्राय आला की एकच पॅकेट दोनदा येणं ओघानं आलंच. म्हणून रिसीव्हर शेवटचा अनुक्रमांक लक्षात ठेवतो, तोच परत आला तर पोच देतो पण नोंद टाकून देतो. हे बरोबर आहे. आता ईएसपी ३२ चा नोड बॅटरी वाचवायला दर वेळी गाढ झोपेत जातो, उठल्यावर त्याची साधी मेमरी कोरी असते आणि अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. रिसीव्हर म्हणतो, "१ तर मघाशीच आलाय." पोच देतो, पॅकेट फेकतो. पोच मिळाली आणि नोंद नाही, या लक्षणाचा उलगडा हाच. अनुक्रमांक झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवा. लाईटवर चालणारा नोड असेल तर दर ५० पॅकेटांनी कायमच्या मेमरीत लिहा आणि सुरू होताना त्यात ५० मिळवून पुढे जा, म्हणजे आधी वापरलेला आकडा पुन्हा येत नाही.

मोटारीच्या हुकमाचं दुखणं याच घरातलं. हुकूम "स्थिती बदल" असा असेल तर तो दोनदा पोचल्यावर मोटार चालू होऊन बंद पडते. हुकूम नेहमी "चालू कर" किंवा "बंद कर" असाच असावा, दहादा पोचला तरी अर्थ बदलत नाही. त्याला मुदतही घाला: दोन मिनिटांपेक्षा जुना हुकूम नोडने पाळायचा नाही. नाहीतर बाग भिजवून झाल्यावर अडकलेला हुकूम सुटतो आणि मोटार कोरड्या विहिरीवर चालते.

लाईट आल्यावरची गर्दी

शेतीची तीन फेज लाईट पाळीने येते. आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारींसारखेच सगळे नोडही एका क्षणी जागे होतात, सगळ्यांचा कोड एक, त्यामुळे सगळे बरोबर सातव्या सेकंदाला पहिलं पॅकेट पाठवतात. टक्कर. सगळे तेवढीच वाट बघतात आणि पुन्हा टक्कर. थांबण्याची वेळ ठरावीक ठेवली की रिट्राय ही टक्कर फक्त पुढे ढकलतो.

हा प्रश्न रेडिओ नेटवर्कइतकाच जुना आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या आलोहा नेटवर्कनेही टक्कर झाली की रँडम वेळ थांबायचं हाच मार्ग घेतला. वाटेल तेव्हा बोलायच्या या पद्धतीत एका वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच कामी येतो हेही तेव्हाच मांडलं गेलं. त्यापुढे जितके रिट्राय वाढवाल तितकी पोचणारी पॅकेटं घटतात. म्हणून "रिट्राय ३ वरून १० करा" हा सल्ला गर्दीच्या जागी उलटा पडतो.

एसएफ ९ साठी चालणारे आकडे: सुरू झाल्यावर ० ते १२० सेकंदांतली रँडम वाट, मग पहिला प्रयत्न. पोच नाही आली तर १ ते ३ सेकंद, मग २ ते ६, मग ४ ते १२. चार प्रयत्नांवर थांबायचं. राहिलेलं मोजमाप साठवून पुढच्या पॅकेटला जोडायचं. विहिरीची पातळी दहा मिनिटांनी कळली म्हणून काही बिघडत नाही.

एक गंमत: आर्डुइनोवर रँडमला बीज (सुरुवातीचा आकडा) दिलं नाही तर प्रत्येक नोड दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने काढतो. बाराही नोड "रँडम" वाट बघतात आणि एकत्रच बोलतात! बीज म्हणून नोडचा क्रमांक किंवा चिपचा स्वतःचा ओळखक्रमांक द्या. बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकण्याची सोय या चिपमध्ये आहे, ती वापराच, पण तिच्यावर विसंबू नका. बागेच्या दोन टोकांचे नोड एकमेकांना ऐकत नाहीत, मधला रिसीव्हर मात्र दोघांनाही ऐकतो.

मॉड्युलेशनला हात लावायचा तर

इथवर सगळं ठीक असेल तरच. पहिल्या दिवशीच एसएफ १२ करून टाकणं ही सवय वाईट. एसएफ एक पायरी वाढवला की अडीच डेसिबल मिळतात आणि हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो. ९ वरून १२ वर गेलात तर साडेसात डेसिबलसाठी सातपट वेळ मोजता, म्हणजे बॅटरी सातपट आणि टकरीची शक्यताही त्या प्रमाणात. अँटेना पानांतून वर काढून तेवढे डेसिबल बऱ्याचदा फुकट मिळतात.

त्याआधी पॅकेट बारीक करा. "पातळी=४.२, दाब=१.८" असं ६० बाइटचं वाक्य एसएफ ९ वर ३७० मिलिसेकंद घेतं, तेच आकडे १२ बाइटमध्ये बांधले तर १४४.

कोडिंग ४/५ फक्त चूक ओळखतं, ४/८ एका गटातली एक बिट दुरुस्तही करतं. एसएफ ९, २० बाइटला वेळ १८५ वरून २४७ होतो. मोटारीच्या ठिणगीसारख्या क्षणिक गोंगाटावर हे उपयोगी, रेंज वाढवायला फारसं नाही.

बँडविड्थ कमी करून रेंज वाढवण्याचा मोह आवरा. ३१.२५ किलोहर्ट्झवर दोन्ही बाजूंच्या वारंवारितेतला फरक बँडविड्थच्या पावपट, म्हणजे ७.८ किलोहर्ट्झच्या आत लागतो. साध्या क्रिस्टलचा १० पीपीएमचा (दहा लाखात दहाचा) फरकसुद्धा ८६६ मेगाहर्ट्झला ८.७ किलोहर्ट्झ होतो. भुसावळ-जळगावकडे सावलीतच पारा ४५ वर जातो, उन्हातल्या बंद डब्यात त्याहून बराच जास्त, आणि रिसीव्हर मात्र कित्येकदा गच्चीऐवजी घरात पंख्याखाली ठेवलेला. दुपारी बंद, संध्याकाळी चालू, याचं कारण हेच असतं. १२५ वर परत या, तिथे ३१ किलोहर्ट्झपर्यंत चालतं. डबा पांढरा आणि सावलीत हवा. वरच्या बाजूला २५० किलोहर्ट्झही नको, कारण या पट्ट्यात विनापरवाना वापराला २०० किलोहर्ट्झची मर्यादा आहे.

एसएफ ११ आणि १२ ला १२५ किलोहर्ट्झवर "लो डेटा रेट" ही खूण दोन्हीकडे चालू हवी. दोन बाजूंना दोन वेगळ्या लायब्ररी असतील तर एकीकडे ती आपोआप लागते, दुसरीकडे नाही, आणि पॅकेट येऊनही वाचता येत नाही.

प्रत्येक रिट्रायला एसएफ वाढवावा का? रिसीव्हरमध्ये एसएक्स १२७६ असेल तर नाही, तो एका वेळी एकच एसएफ ऐकतो. आठ वाहिन्यांचा लोरावॅन गेटवे (लोरावॅन या ठरलेल्या नियमावलीचा, अनेक एसएफ एकदम ऐकणारा रिसीव्हर) असेल तर जरूर. तिथे जुन्या १.०.२ नियमावलीची शिफारसच तशी आहे: आठ प्रयत्न, दर दोन प्रयत्नांनी वेग एक पायरी खाली. मात्र लोरावॅनवर प्रत्येक मोजमापाला पोच मागू नका, गेटवे पोच देताना बहिरा होतो. मोजमाप विनापोच दोनदा पाठवा, पोच फक्त मोटारीच्या हुकमाला.

मोटार सुरू होतानाचा गोंगाट

नोडचा डबा स्टार्टरच्या पेटीपासून किमान तीन मीटर दूर न्या, त्याच पेटीत मुळीच नको. सेन्सरची वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपमधून नेऊ नका. सौर पंपाच्या कंट्रोलरजवळ असाल तर वायरींवर फेराइटची कडी चढवा. आणि सॉफ्टवेअरमधला सोपा उपाय: मोटारीचा कॉन्टॅक्टर (तिला वीज जोडणारा स्विच) ओढल्यावर पाच सेकंद थांबून मगच पॅकेट पाठवा.

इथे थांबा

स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडावं लागत असेल तर थांबा. आत तीन फेज, ४१५ व्होल्ट आहे. कॉन्टॅक्टरवर गोंगाट दाबणारा रेझिस्टर-कपॅसिटर बसवणं हे परवानाधारक वायरमनचं काम. लाईट गेलीय म्हणून हात घालू नका. ऑटो स्विच लावलेला असतो आणि लाईट केव्हाही येते.

खांब विजेच्या तारेपासून स्वतःच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर येत असेल तर तिथे उभारू नका. गच्चीवरच्या उंच पाइपला वीजरोधक आणि अर्थिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

पॉवर ॲम्प्लिफायर विकत आणू नका. ८६५-८६७ मध्ये प्रक्षेपकाला १ वॅट आणि अँटेनासह ४ वॅटपर्यंत परवाना लागत नाही, त्याच्या वर लागतो. शिवाय तुमचा नोड कितीही ओरडला तरी रिसीव्हरची पोच तेवढीच हळू राहते.

शेवटची गोष्ट: सगळं तपासूनही एसएनआर सतत वाईट आणि आरएसएसआय मात्र चांगला दिसत असेल, तर बाहेरचा सिग्नल रिसीव्हरला दाबतोय. ८६९ मेगाहर्ट्झपासून वर मोबाईल टॉवरचं प्रक्षेपण असतं, आपल्या पट्ट्याला अगदी लागून. घराजवळ टॉवर असेल तर रिसीव्हर दोन दिवस दुसऱ्या घराच्या गच्चीवर ठेवून बघा. फरक पडला तर स्पेक्ट्रम ॲनालायझर असलेल्या रेडिओ तंत्रज्ञाला बोलवा, फिल्टर त्याच्याकडूनच मोजून बसवून घ्या. त्याच्या हाती चोवीस तासांची नोंद, दोन्ही बाजूंच्या सेटिंगचा कागद आणि अँटेनाची उंची-अंतरं द्या, म्हणजे त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे तेवढे पैसे वाचतील.